बार्बाडोसमध्ये गाडी भाड्याने घेण्याआधी नंबर प्लेटचं पहिलं अक्षर बघा

बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर दोन डॉलर चालतात, तिथला बार्बेडियन आणि अमेरिकन. दर १९७५ पासून ठरलेला आहे: एका अमेरिकन डॉलरला दोन बार्बेडियन. दुकानं, हॉटेलं, टॅक्सीवाले दोन्ही नोटा घेतात आणि किंमत सांगताना बहुतेक वेळा नुसतं ‘डॉलर’ म्हणतात. तिथला प्रामाणिक माणूस तसं म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बार्बेडियन डॉलरच असतो. बाहेरून आलेल्या माणसाला हे ठाऊक नसतं आणि फसवणाऱ्याला तेवढंच पुरतं.

आम्ही २०२४ च्या जूनमध्ये न्यू जर्सीहून गेलो होतो. टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना २९ जूनला ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर होता. माझे सासू-सासरे कोल्हापूरहून आमच्याकडे आलेले. सासऱ्यांना सामन्याइतकीच त्या मैदानाची ओढ होती. १९७१ साली अजित वाडेकरांच्या भारतीय संघाने तिथे कसोटी अनिर्णित राखली, त्यात सरदेसाईंनी १५० केल्या आणि गावसकर दुसऱ्या डावात ११७ वर नाबाद राहिले. ते समालोचन बाबांनी रेडिओला कान लावून ऐकलेलं. बाहेर वेस्ट इंडीजचे महान अष्टपैलू गॅरी सोबर्स यांचा पुतळा आहे, त्याच्याशेजारी उभं राहून त्यांना फोटो काढायचा होता. आमची सगळी सहल त्या इच्छेभोवती आखलेली होती, म्हणून पुढे जे झालं त्याचा मला आजही संताप येतो.

विमानतळावरून बाहेर पडताच एक नीटनेटका, गोड बोलणारा माणूस सामोरा आला. बाबांकडे बघून ‘वेलकम, अंकल’ म्हणाला आणि आईंची बॅग हातात घेतली. आम्ही उतरणार होतो त्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेंट लॉरेन्स गॅपपर्यंत ऐंशी डॉलर, असं त्याने सांगितलं. उतरताना आम्ही बार्बेडियन नोटा पुढे केल्या तर त्याने हात मागे घेतला: अमेरिकन ऐंशी ठरले होते म्हणे. सामान अजून त्याच्या डिकीत होतं. आई दमलेल्या होत्या. आम्ही दिले. परतीच्या वेळी त्याच रस्त्याला सरकारमान्य टॅक्सीने पन्नास बार्बेडियन घेतले, म्हणजे पंचवीस अमेरिकन. तिथे टॅक्सीला मीटर नसतो, पण विमानतळावरून कुठल्या भागाला किती हे दर ठरलेले असतात, आणि भाडं पूर्ण गाडीचं असतं, माणशी नाही. टॅक्सीच्या नंबर प्लेटवर पहिलं अक्षर ‘झेड’ असतं. त्याच्या गाडीवर ‘एक्स’ होतं. एक्स म्हणजे क्राइस्ट चर्च परगण्यात नोंदवलेली खासगी गाडी, हे आम्हाला पुढे कळलं.

इथवरचं नुकसान पैशांचं. खरा डाव त्यानंतरचा. सामन्यामुळे बेटावर भाड्याच्या गाड्या मिळत नव्हत्या, ज्या दोन-तीन कंपन्यांना आम्ही फोन केले त्यांच्याकडे एकही शिल्लक नव्हती. ऊबर तिथे चालत नव्हती. हे सगळं त्याला आमच्याआधी माहीत होतं. संध्याकाळी त्याचाच निरोप आला की माझ्या भावाची गाडी रिकामी आहे, दिवसाला ९० डॉलर, अनामत ५०० डॉलर, दोन्ही अमेरिकन आणि दोन्ही रोख. पावती मागितली तर म्हणाला, मेसेज हीच पावती. पर्यटकांसाठी तिथला तात्पुरता वाहन परवाना काढावा लागतो का, असं माझ्या नवऱ्याने स्पष्ट विचारलं. ‘अमेरिकन लायसन्स चालतं’ असं छातीठोक उत्तर मिळालं. ते खोटं होतं. परवाना लागतो, आणि नोंदणीकृत कंपनी गाडी देतानाच तो करून देते.

दोन दिवसांनी आमच्या घरमालकीण बाईंनी अंगणात उभी गाडी पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. भाड्याने द्यायच्या गाडीची पाटी ‘एच’पासून सुरू होते, ही कुणाच्या तरी घरची गाडी आहे, त्या म्हणाल्या. घरच्या गाडीचा विमा भाड्याने देण्यासाठी नसतो. म्हणजे त्या अरुंद रस्त्यांवर, एका बाजूला प्रवाळाच्या दगडाची भिंत आणि दुसऱ्या बाजूला पुरुषभर उंच ऊस, पायी चालणाऱ्याला जागा नाही अशा ठिकाणी कुणाला धक्का जरी लागला असता तरी विमा नाही आणि परवानाही नाही. मागच्या सीटवर सत्तरी ओलांडलेली दोन माणसं. डॉलरचं मी एक वेळ विसरेन, हे विसरणार नाही.

गाडी लगेच परत घे म्हणून फोन केला. मुदतीआधी परत दिली तर अनामत मिळणार नाही, असं उत्तर आलं. असं आधी काहीही ठरलं नव्हतं. आम्ही गाडी जागची हलवली नाही. बाई म्हणाल्या, सामन्याला बसने जा. आणि आम्ही खरंच बसने गेलो.

बसबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्या माणसाने पहिल्याच दिवशी ‘तिथल्या बसमध्ये म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका’ असं आमच्या मनात भरवलं होतं. सरकारी बस निळी, तिच्यावर पिवळा पट्टा. खासगी मिनीबस पिवळी, तिच्यावर निळा पट्टा. तिसरी पांढरी व्हॅन, तिच्यावर तपकिरी-लाल पट्टा आणि पाटीवर ‘झेडआर’. तिला सगळे झेडआरच म्हणतात. तिन्हींचं भाडं कितीही लांब जा, साडेतीन बार्बेडियन डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दीडशे रुपयांच्या आत. सरकारी बसमध्ये सुटे परत देत नाहीत, म्हणून नेमके पैसे आणि तेही बार्बेडियनच हातात ठेवावे लागतात. झेडआरमध्ये सुटे मिळतात. थांब्यांवर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ लिहिलेलं असतं, शहराकडे की शहराबाहेर एवढंच बघायचं. झेडआरमध्ये गाणी मोठ्याने लागतात, माणसं दाटीने बसतात आणि चालक वळणं जोरात घेतात. आईंना ती आवडली नाही, सरकारी बस आवडली. दक्षिण किनाऱ्याच्या झेडआर अकरा नंबरच्या, सिल्व्हर सँड्सपर्यंत जाणाऱ्या. बेट लांबीला ३४ किलोमीटर, रुंदीला २३. एवढ्याशा जागेत गाडीवाचून अडत नाही.

सामना भारताने सात धावांनी जिंकला. बाबा रडले. सोबर्सच्या पुतळ्याजवळचा फोटो झाला.

मग बेरिल वादळ आलं. विमानतळ बंद झाला, आपला संघही तिथेच अडकला होता, ते सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच आहे. वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं, मच्छीमारांच्या बोटींची मोठी हानी झाली. लोक खिडक्यांना फळ्या ठोकत होते, अनोळखी शेजाऱ्याने आम्हाला पाण्याचे कॅन आणून दिले, आणि त्याच दिवशी या माणसाचा निरोप: गाडी तुमच्याकडे आहे तोवर भाडं सुरू, वादळाच्या दिवसांचा दर दुप्पट. त्याला गाडी घेऊन जायला सांगून कितीतरी दिवस झाले होते. पण रस्ते बंद असल्याचं कारण देऊन तो आला नाही. आला तो आमचं विमान सुटायच्या सकाळी. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेला वाकून बोट लावलं, ओरखडा दाखवला आणि अनामत त्यातच गेली म्हणाला. गाडी घेतली त्या दिवशी आम्ही चारही बाजूंचा व्हिडिओ काढला होता, खालची कडा त्यात दिसत नव्हती. त्याला नेमकी तीच जागा माहीत होती. असं वाटलं की तो ओरखडा आमच्याआधीही कुणाकुणाला दाखवला गेला असणार.

पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. सगळा व्यवहार रोखीचा, पावती नाही, गाडी तिसऱ्याच कुणाच्या नावावर. हातात दाखवायला फक्त मेसेज होते. पैसे परत आलेले नाहीत.

क्रिकेटच्या निमित्ताने किंवा क्रूझवरून आपली बरीच माणसं आता तिकडे जातात, अनेकदा आई-वडिलांना घेऊन. गर्दीच्या दिवसांत जाणार असाल तर गाडी विमानाच्या तिकिटाबरोबरच नोंदणीकृत कंपनीकडे ठरवा, अनामत रोख न देता क्रेडिट कार्डवर अडकवा, म्हणजे वाद झाला तर बँकेकडे दाद मागता येते. व्हिडिओ काढताना बंपरच्या खाली, चाकांच्या रिंगांवर आणि काचेच्या कडांवरही फोन फिरवा, देणारा माणूस त्यात दिसू द्या. कुणीही भाडं सांगितलं की लगेच ‘बार्बेडियन की यूएस?’ असं विचारा आणि आकडा फोनवर लिहून त्याला दाखवा. सामान डिकीत जाण्याआधी. आणि कुणी ओळखीच्या ओळखीने गाडी देऊ करत असेल, मग तो मराठी गटातून आलेला का असेना, तर पैसे पाठवण्याआधी नंबर प्लेटचा फोटो मागवा. पहिलं अक्षर ‘एच’ नसेल तर नाही म्हणा आणि साडेतीन डॉलर सुटे ठेवा.