विसरणं विसरणं सारखं नसतं: एचआयव्ही आणि अल्झायमर

एचआयव्हीमुळे येणारं विसरणं आणि अल्झायमर, दोन्हीला आपण डिमेन्शियाच (आठवण आणि विचार करायची ताकद ढासळणं) म्हणतो पण पेशंट समोर बसला की फरक दिसायला लागतो. तीन शब्द सांगा, आंबा, खुर्ची, रुपया, आणि पाच मिनिटांनी विचारा. अल्झायमरवाल्याला "अहो एक फळ होतं ना" असा क्लू दिला तरी बहुतेक वेळा काही आठवत नाही कारण ते डोक्यात साठलेलंच नसतं, एचआयव्हीवाला मात्र थांबून थांबून "हां, आंबा" म्हणतो, म्हणजे माल गोडाऊनमध्ये आहे फक्त बाहेर काढायला वेळ लागतोय.

एचआयव्हीवाल्याचं सगळंच स्लो होतं, शर्टाची बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो, कशातच रस नाही, आणि घरचे म्हणतात आळशी झालाय. हे बहुतेक सीडी४ (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) २०० च्या खाली गेलेल्यांत, तरुण वयातही. अल्झायमर साधारण ६५ नंतरचा.

अल्झायमर मागे फिरत नाही. एचआयव्हीत मात्र एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी रोजची औषधं) नीट चालू केली तर बरीच सुधारणा होऊ शकते (पूर्ण होईलच असं नाही), आणि सरकारी सेंटरवर ती २००४ पासून फुकट मिळते. पण विसरणाऱ्यालाच रोज आठवणीने गोळी घे सांगून कसं चालेल, डबा घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या.

आणि हो, डोकेदुखी, ताप आणि काही दिवसांतच असंबद्ध बडबड सुरू झाली तर डिमेन्शिया समजून बसू नका, मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला सूज) असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.