दादरच्या मावशींची कारली

दादर स्टेशनबाहेर, पश्चिमेला, वसईहून पहाटेच्या लोकलने भाजी आणणाऱ्या एक मावशी बसतात. गेली तीन वर्षं कारली मी त्यांच्याकडूनच घेते. 25 रुपये पाव, म्हणजे मंडईपेक्षा थोडी महाग. पण कोवळी, हिरवीगार, आतलं बी अजून पांढरं. पिवळट कारलं त्या स्वतःच बाजूला काढतात. "ताई, काचऱ्या करा, साल खरवडू नका," हे त्यांचंच सांगणं.

तशाच करते. पातळ चकत्यांना मीठ चोळून अर्धा तास ठेवायच्या, घट्ट पिळायच्या. तेलात मोहरी, हिंग, हळद, मग मंद आचेवर परतत राहायचं. झाकण अजिबात नाही, वाफेने मऊ पडतात. कुरकुरीत झाल्या की तिखट, तीळ, सुकं खोबरं, चिमूटभर साखर. वरणभातासोबत माझी लेकसुद्धा मागून घेते!

कारल्यात क जीवनसत्त्व आणि तंतू चांगले असतात. आमच्या ह्यांना मधुमेह आहे, म्हणून आठवड्यातून दोनदा होतंच. मात्र गोळ्या बंद करून कारल्यावर विसंबू नका. रोज रस घ्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारा; औषधासोबत साखर फार खाली जाऊ शकते.

तक्रार एकच: नऊनंतर गेलात तर टोपली रिकामी.