वाशीतला बोन स्कॅन: कॅमेरा उत्तम, रिपोर्ट अपुरा

कॅन्सर हाडांत पसरलाय का हे पाहणाऱ्या बोन स्कॅनच्या फिल्मवर जे काळं दिसतं तो कॅन्सर, असं बहुतेक नातेवाईक धरून चालतात. पण शिरेतून दिलेलं टेक्निशियम-९९एम एमडीपी हे किरणोत्सारी औषध कॅन्सरच्या पेशींना चिकटतच नाही. जिथे नवं हाड तयार होतंय तिथल्या खनिजावर ते जाऊन बसतं. गाठीमुळे बिथरलेलं हाड स्वतःची डागडुजी करायला लागतं आणि कॅमेऱ्यात उमटते ती ही डागडुजी. संधिवात, जुनं फ्रॅक्चर, दाताचं इन्फेक्शन यांचेही डाग पडतात ते त्यामुळेच. हे ओळखून रिपोर्ट लिहिला जातो की नाही, ही बोन स्कॅन केंद्राची खरी परीक्षा. वाशी स्टेशनपासून रिक्षाने जाता येईल अशा एका खासगी केंद्राचं हे परीक्षण आहे. नाव मुद्दाम देत नाही.

आधी जमेची बाजू. उपाशी यायची गरज नाही, हे फोनवरच सांगतात. इंजेक्शन साधारण २० मिलिक्युरीचं (हे किरणोत्साराचं माप), त्यानंतर तीन तास थांबायचं, आणि त्या वेळात लिटर-दीड लिटर पाणी प्यायचं. किडनी किंवा हृदयासाठी पाणी मोजून घ्यायला सांगितलं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. पाण्याचा हट्ट धरतात त्याला कारण आहे: हाडात न बसलेलं औषध लघवीवाटे जातं. मूत्राशय भरलेलं राहिलं तर त्याच्या काळ्या गोळ्याआड जघनास्थी आणि माकडहाड झाकलं जातं. इथे टेबलावर घेण्याआधी प्रत्येकाला लघवीला पाठवतात आणि कॅथेटरची पिशवी अंगावर न ठेवता बाजूला लटकवतात. साधी गोष्ट, पण बऱ्याच ठिकाणी राहून जाते.

सुई कोणत्या हाताला दिली तेही फॉर्मवर लिहितात. औषध शिरेबाहेर सांडलं तर कोपरापाशी डाग दिसतो, आणि त्याच बाजूच्या काखेतली लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काळी दिसू शकते. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये यावरून किती गोंधळ होईल ते सांगायला नको.

वेळ मात्र पाळा. टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मं होतं, म्हणजे तासाभराच्या उशिरात डोस ११ टक्क्यांनी घटतो. खाडीपुलावर अडकलात तर लगेच फोन करा. (या औषधाची किट देशभर पुरवणारी ब्रिट ही सरकारी संस्था वाशीतच आहे, आणि खाडीपुलाच्या ट्रॅफिकपुढे त्याचा काडीचा उपयोग नाही.)

डोक्यापासून पायापर्यंत स्कॅनला २० ते ३० मिनिटं लागतात. संशयास्पद जागेचं स्पेक्ट-सीटी (याच कॅमेऱ्याला सीटीची जोड देऊन घेतलेलं त्रिमितीय चित्र) वेगळं होतं, त्याचे पैसे आधीच विचारून ठेवा. पाठ दुखत असेल तर गोळी अर्धा-एक तास आधी घ्या; हललेल्या चित्रातून काही कळत नाही.

आता रिपोर्ट. प्रोस्टेटच्या बाबतीत काम चोख आहे. या कॅन्सरच्या पेशी एंडोथेलिन-१ सारखी द्रव्यं सोडून हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्टना चिथावतात. जास्तीचं हाड बनतं, पण विस्कळीत आणि ठिसूळ. स्कॅनवर ते ठळक दिसतं. सगळा सांगाडाच एकसारखा काळा झाला तर नवख्याला फिल्म स्वच्छ वाटते. खूण एकच: औषध सगळं हाडातच गेल्याने किडन्या जवळपास दिसत नाहीत. इथल्या प्रत्येक रिपोर्टमध्ये किडन्यांची ओळ असते. शाबास.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये गणित उलटं. गाठीतून पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सुटतं, त्याने ऑस्टिओब्लास्ट रँक-एल हे दुसरं प्रथिन वाढवतात आणि हाड कुरतडणारे ऑस्टिओक्लास्ट जागे होतात. विरघळलेल्या हाडातून टीजीएफ-बीटा हा वाढीचा घटक मोकळा होतो, तो गाठीला पुन्हा पीटीएचआरपी सोडायला लावतं. तरी कडेने थोडी डागडुजी चालू असते, म्हणून डाग सहसा सापडतात.

मायलोमात (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरमध्ये) ही डागडुजीही नसते. तिथे डीकेके-१ सारखे घटक ऑस्टिओब्लास्टनाच दाबून टाकतात. एक्स-रेवर कवटीला भोकं आणि बोन स्कॅन नॉर्मल, असं होऊ शकतं. तरीही हे केंद्र मायलोमाची चिठ्ठी बिनबोभाट घेतं, हे आम्हाला पटलेलं नाही. अशा पेशंटला लो-डोस सीटी, एमआरआय किंवा पेट-सीटीबद्दल डॉक्टरांना विचारून या, एवढं काउंटरवरच सांगायला हवं.

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. फॉर्मवर उपचार कधी सुरू झाले याचा रकानाच नाही. औषध लागू पडलं की गाठ आक्रसते आणि हाड जोमाने भरून यायला लागतं. त्यामुळे पहिल्या तीनेक महिन्यांतल्या स्कॅनवर जुने डाग गडद होतात, आधी न दिसलेलेही उमटतात. तारीख माहीत नसलेला डॉक्टर यावर ‘आजार वाढला’ लिहून मोकळा होतो, आणि लागू पडत असलेलं औषध बदललं जाण्याची पाळी येते. प्रोस्टेट कॅन्सरच्या औषधचाचण्यांमध्ये (क्लिनिकल ट्रायल्स) पहिल्या फेरस्कॅनवर दोन नवे डाग दिसले तरी पुढच्या स्कॅनवर आणखी किमान दोन आल्याशिवाय आजार वाढला असं धरत नाहीत.

मुलांमधल्या ऑस्टिओसार्कोमात (हाडातच सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये) गाठ स्वतःच कच्चं हाड बनवते, त्यामुळे डाग हमखास दिसतो. पण गाठ हाडात कुठवर गेली आहे ते एमआरआयच सांगतो. हे रिपोर्टमध्ये नेमकं लिहितात.

प्रोस्टेट किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी इथे जायला हरकत नाही. उपचार सुरू झाल्याची तारीख, पडझड-फ्रॅक्चरचा इतिहास आणि गुडघेदुखी कागदावर लिहून फॉर्मला टाचा, जुन्या स्कॅनची सीडी द्या, आणि रिपोर्टमध्ये तुलना नसेल तर काउंटर सोडण्याआधी पुरवणी रिपोर्ट मागा. मागितला तर देतात.