मिनलॅब इक्विनॉक्स ८००: शंकास्पद सिग्नल खणावा की सोडावा?

स्वच्छ सिग्नल कुठलाही मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं यंत्र) देतो. मशीनची पारख होते ती कॉइल (जमिनीवरून फिरवायची गोल चकती) जाताना गोड वाजणाऱ्या आणि येताना खरखरणाऱ्या सिग्नलवर. म्हणून इथे इक्विनॉक्स ८०० फक्त या एकाच निकषावर तपासलं आहे.

२०१८ मध्ये आलेलं हे मशीन एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालतं. हवं तर ५, १०, १५, २० किंवा ४० किलोहर्ट्झपैकी एकच निवडता येते. सोबत ११ इंची डबल-डी कॉइल मिळते. स्क्रीनवरचा टार्गेट आयडी (धातूचा प्रकार सुचवणारा आकडा) उणे ९ ते ४० असा, त्यात शून्यापर्यंतचे आकडे लोखंडाचे. हा आकडा फक्त सुरुवातीचा अंदाज समजावा. फॉइलचा तुकडा, कॅनची कडी आणि सोन्याची बारीक अंगठी एकाच पट्ट्यात येतात. नुसता आकडा पाहून कड्या वगळणारा माणूस अंगठ्याही जमिनीतच ठेवून येतो.

आधी सेटिंग. सेन्सिटिव्हिटी (बारीक सिग्नल टिपण्याची क्षमता) २५ पर्यंत जाते म्हणून २५ वर ठेवणं ही सर्रास होणारी चूक. विजेच्या तारांजवळ किंवा खनिजं जास्त असलेल्या जमिनीत मशीन आपोआप कुरकुरतं आणि निम्म्या शंका तिथेच जन्मतात. नॉइज कॅन्सल करा (आसपासचा विद्युत गोंगाट टाळा), ग्राउंड बॅलन्स करा (मशीन जमिनीतल्या खनिजांशी जुळवा), मग कॉइल स्थिर धरल्यावर आवाज थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरवा. बऱ्याच जमिनींत १८ ते २२ पुरते.

आता मुख्य मुद्दा. या मशीनवरचं सर्वांत मोलाचं बटण घोड्याच्या नालेचं चित्र असलेलं. लोखंड गाळून चालताना तुटक सिग्नल आला की ते दाबा, म्हणजे गाळलेलं लोखंडही ऐकू येतं. जाड घुरघुर एका जागी आणि गोड टोन तिच्या शेजारी, स्वतःच्या जागेवर ठाम असेल, तर लोखंडाशेजारी दुसरा धातू असण्याची शक्यता चांगली. खणा. गोड टोन घुरघुरीच्या फक्त कडांना चिकटून येत असेल, तर बहुधा तो खिळ्याच्या टोकाचा आवाज.

खात्रीसाठी त्याच जागेभोवती ९० अंश फिरून पुन्हा कॉइल फिरवा. आडवं पडलेलं नाणं कुठूनही सारखंच वाजतं, आकडा दोन-तीनने हलतो. वाकलेला गंजका खिळा एका दिशेने ३४ दाखवेल आणि दुसऱ्या दिशेने उणे ३. मग पिनपॉइंट दाबा. हा मोड धातूंत भेद करत नाही, फक्त वस्तूचं मधलं ठिकाण दाखवतो. गोड टोनचं ठिकाण आणि पिनपॉइंटचं ठिकाण यांत तळहाताएवढं अंतर पडलं की लोखंडाचा संशय पक्का होत जातो. मात्र खिळा आणि नाणं शेजारी असले तरी हे अंतर पडतं, त्यामुळे एवढ्यावरच सोडू नका. रिकव्हरी स्पीड (एका वस्तूनंतर शेजारची दुसरी टिपण्याचा वेग) ६ किंवा ७ करा, कॉइल जेमतेम १५ सेंटीमीटर हलवत आखूड फेऱ्या मारा. दोन आवाज सुटे झाले तर खणा.

खोलीचा विचार न करता निर्णय घेणारे इथे फसतात. वस्तू उथळ असेल तर मशीनला भरपूर सिग्नल मिळतो, तरीही आकडा उड्या मारत असेल तर बहुतेक वेळा तो कचराच. अपवाद उभ्या कडेवर रुतलेल्या नाण्याचा: ते उथळ असताना एकाच फेरीत दोनदा वाजतं. खोल वस्तूला उलट सवलत द्यावी. खोलवर आकडा भरकटणारच, पण मंद, मऊ आवाज एका जरी दिशेने पुन्हा पुन्हा येत असेल तर तो खणण्यालायक.

बाटल्यांची पत्र्याची झाकणं ही या मशीनची जुनी डोकेदुखी, कारण अनेक फ्रिक्वेन्सींवर ती चांगल्या धातूसारखी वाजतात. २०१९ च्या अपडेटमध्ये आलेला आयर्न बायसचा (लोखंडाचे खोटे गोड सिग्नल दाबणारी सेटिंग) एफ२ पर्याय इथे बराच उपयोगी पडतो. तरी शंका राहिली तर कॉइल हलवत हळूहळू मागे ओढा. वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाखाली आली की झाकण सहसा घुरघुरतं, नाणं तसं करत नाही. आयर्न बायस ० ते ९ आहे. वाढवला की खोटे सिग्नल कमी होतात, पण खिळ्यांतलं नाणंही दबतं. खिळ्यांनी भरलेल्या जागी तो खालीच ठेवावा.

उणिवाही आहेत. मोठा सपाट पत्रा किंवा लोखंडी वॉशर ३० च्या पुढे, अगदी ठाम वाजतो. पत्रा ओळखायचा तर कॉइल ३० सेंटीमीटर वर उचलावी. आवाज तरीही जोरदार आणि रुंद असेल तर वस्तू मोठी आहे. वॉशर मात्र खणल्याशिवाय कळत नाही. शिवाय सगळे धातू मिळून ५० आकड्यांत बसवल्याने वरच्या टोकाला फार गर्दी होते. नंतरच्या इक्विनॉक्स ९०० मध्ये उणे १९ ते ९९ अशी पट्टी असल्याने हा त्रास कमी आहे. कचऱ्याच्या जागी ११ इंची कॉइल एकाच वेळी खूप काही पकडते, तिथे ६ इंची कॉइल वेगळी घ्यावीच.

खणायला घेतल्यावरही निर्णय बदलता येतो. वरची पाच सेंटीमीटर माती काढून पुन्हा कॉइल फिरवा. गंजक्या लोखंडाभोवतीची माती हलली की गोड टोन अनेकदा विरतो किंवा जागा बदलतो. टोन जागेवर राहून स्पष्ट झाला तर पुढे जा.

घेताना ६०० (याच मालिकेतलं खालचं मॉडेल) आणि ८०० यांत अडकू नका. ६०० मध्ये रिकव्हरी स्पीड १ ते ३ आणि आयर्न बायस ० ते ३ एवढाच मिळतो. शंकास्पद सिग्नल उलगडायला लागणारी बारकाई नेमकी तिथेच जाते. वापरलेलं ८०० घेत असाल तर आयर्न बायसमध्ये एफ२ दिसतो का ते पाहा. दिसत नसेल तर यूएसबी केबलने सॉफ्टवेअर अपडेट करून घ्या.