हाताने घडवलेली म्हणून विकलेली लँकेस्टर रायफल
अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांची आवड असलेली मराठी मंडळी थोडी असतील, पण त्यांच्यासाठी हे लिहायलाच हवं. ज्याने मला फसवलं तो पेनसिल्व्हेनियातल्या प्रदर्शनांत आजही टेबल लावून बसतो.

त्याने मला विकली ती 'लँकेस्टर धाटणीची, संपूर्ण हाताने घडवलेली' चकमकीची, म्हणजे फ्लिंटलॉक, लांब रायफल. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात स्थायिक झालेल्या जर्मन आणि स्विस कारागिरांनी मायदेशची आखूड, जाड नळीची शिकारी रायफल लांब आणि सडपातळ केली, तिची ही प्रतिकृती. लँकेस्टरच्या जेकब डिकर्टसारख्यांच्या अस्सल बंदुका आता संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत असतात, त्यामुळे आपण आजच्या कारागिराकडून तशी बनवून घेतो. त्या कामात शेकडो तास जातात. किंमत काही हजार डॉलर होते आणि नंबर लागायला खूप थांबावं लागतं. भामटा नेमका इथेच शिरतो. बंदूक तयार, लगेच हातात, किंमत थोडी कमी, आणि 'बनवणारे म्हातारबाबा गेल्या वर्षी वारले', म्हणजे विचारायला कुणी उरलेलंच नाही. नळी काढून दाखवा म्हटलं तर म्हणाला, नळी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या पिना ढिल्या होतील, पॉलिश उडेल.

नंतर ती बंदूक मी अशा रायफली स्वतः बनवणाऱ्या एका कारागिराकडे नेली. त्याने आधी ती दिव्याखाली नुसती फिरवली. खऱ्या लहरीदार मेपलच्या लाकडातले पट्टे उजेडाबरोबर सरकतात, इकडून काळा दिसणारा पट्टा तिकडून सोनेरी होतो. माझ्या दस्त्यावरचे पट्टे जागचे हलले नाहीत. स्पिरिटचा बोळा फिरवला तर ते कापसावरच उतरले. मग पिना ठोकून त्याने नळी उचलली. खालच्या पैलूवर इटलीतल्या चाचणीचे ठसे होते: ताऱ्याखाली 'पीएन', म्हणजे काळ्या दारूसाठी तपासलेली, आणि शेजारी चौकटीत सालाची अक्षरं. वरचे ठसे कानशीने घालवून तिथे कुणाचं तरी नाव कोरलेलं. लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, बसवायच्या खाचेचे कोपरे यंत्राने कोरल्यासारखे एकसारखे गोल होते, पटाशीचा एकही घाव नव्हता. कारखान्यातली बंदूक, मी दिलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी किमतीची.

मला सगळ्यात जास्त राग आला तो फ्रिझनचा. गारगोटी जिच्यावर घासून ठिणग्या रंजकावर, म्हणजे पेटवायच्या दारूवर, पडतात, ती ही पोलादी पट्टी. ती कडकच असावी लागते. जुनी दिसावी म्हणून या माणसाने ती तापवून काळपट केली आणि तिचं पाणी उतरवलं. गारगोटीने तिच्यावर चरे पडतात, ठिणगी पडत नाही. चांगली चालणारी वस्तू त्याने केवळ फसवण्यासाठी नासवली.

नळी किंवा लॉक विकत आणून बसवण्यात गैर काहीच नाही. अठराव्या शतकातले कारागीरही युरोपातून आलेली लॉक बसवत. फक्त ते गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

तक्रारीचा उपयोग झाला नाही, कारण पावतीवर त्याने मोघमपणे 'फ्लिंटलॉक रायफल' एवढंच लिहिलं होतं. 1968 च्या संघीय कायद्यात चकमकीच्या बंदुकीची प्रतिकृती 'अँटिक'मध्ये मोडते, परवानाधारक विक्रेत्याकडची नोंद लागत नाही. म्हणजे पावती सोडली तर मागे कागदच नाही. म्हणून नळी कुणाची, लॉक कुणाचं, दस्ता हाताने कोरलाय की यंत्राने, हे सही-तारखेसह लिहून घ्या. पैसे देण्याआधी नळी आणि लॉक समोर काढून दाखवायला सांगा. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही, उलट तो हौसेने दाखवतो.

आणि अशी बंदूक आधीच घरात असेल, तर जाणकाराकडून नळीची जाडी आणि तिचं मागचं टोक बंद करणारा पेच तपासून घेईपर्यंत तिच्यात दारू भरू नका. कानस कुठे आणि किती खोल चालली आहे, ते बाहेरून कळत नाही.