बातमीदारीनंतर कॉपीरायटिंग: एजन्सीतली नोकरी की स्वतंत्र काम?

2020च्या टाळेबंदीत वृत्तपत्रांच्या पुरवण्या आटल्या, पानं कमी झाली, आणि त्याच लाटेत माझीही नोकरी गेली. त्यानंतर कॉपीरायटिंगचे, म्हणजे जाहिरातींचा मजकूर लिहिण्याचे, दोन्ही रस्ते मी चालून पाहिले. आधी घरून स्वतंत्र काम केलं, मग पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या जाहिरात एजन्सीत रुजू झालो. न्यूजरूममधून बाहेर पडावं लागलेले जुने सहकारी आता फोन करतात, तेव्हा या क्षेत्रात यायचं हे त्यांचं बहुतेक ठरलेलंच असतं. अडतं ते एकाच ठिकाणी: अर्ज करायचा की लॅपटॉप उघडून स्वतःच सुरुवात करायची?

प्रत्यक्ष लिखाणात दोन्हीकडे फारसा फरक नाही. डेस्कवर वर्षानुवर्षं हेडिंग बसवलेल्या माणसाला होर्डिंगवरच्या सहा-सात शब्दांची धास्ती वाटत नाही. रेडिओच्या तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्द बसतात, हेही पहिल्या दोन-तीन स्पॉटमध्ये अंगवळणी पडतं. वेळ लागतो तो सगळं सांगून टाकायची सवय मोडायला. बातमीत सहाही ककार (कोण, काय, कधी, कुठे, का, कसं) आटोपावे लागतात. जाहिरातीत एकावर थांबावं लागतं, आणि तो बहुतेक वेळा ‘का’ असतो. ही सवय मोडायला मला एजन्सीची मदत झाली. शेजारी बसणारा आर्टवाला लेआउटमध्ये जागाच देत नाही, त्यामुळे तिसरं वाक्य आपोआप गळतं. घरी एकट्याने लिहिताना ते तिसरं वाक्य मला नेहमीच आवश्यक वाटायचं.

आपल्या जुन्या धंद्याची एक शिदोरी मात्र इथे फार मोलाची आहे, ती म्हणजे खातरजमा. बिल्डरच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक लागतोच, आणि 1 ऑगस्ट 2023पासून क्यूआर कोडही. ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असं ब्रीफमध्ये, म्हणजे क्लायंटच्या सूचनांमध्ये, आलं, तर कुठल्या स्टेशनपासून आणि कशाने, हे विचारायची आपल्याला सवय असते. आयुर्वेदिक काढ्याची कॉपी लिहिताना ‘मधुमेह बरा होतो’ म्हणता येत नाही, त्याला 1954चा औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा आडवा येतो. हे ठामपणे सांगणारा माणूस टीममध्ये असला, की एजन्सीत त्याचा मान वाढतो. क्लायंट सर्व्हिसिंगची, म्हणजे क्लायंट सांभाळणारी, मंडळी कुरकुरतात, पण शेवटी संचालक तुमच्या बाजूने उभे राहतात, निदान आमच्याकडे राहिले. स्वतंत्र काम करताना हेच ‘नाही’ तुम्हाला एकट्याने म्हणावं लागतं, तेही ज्याच्याकडून पैसे यायचे आहेत त्याला.

स्वतंत्र कामाच्या बाजूनेही मनापासून सांगण्यासारखं बरंच आहे. मालकाशी थेट बोलणं होतं. मसाल्यांच्या एका घरगुती उद्योगाचं पाकीट लिहायचं होतं, तेव्हा मी त्या काकूंच्या कांडपाच्या गिरणीत जाऊन बसलो. कुठली मिरची रंगासाठी आणि कुठली तिखटासाठी, धणे किती भाजायचे आणि वास बदलला की कधी उतरवायचे, हे सगळं त्यांनी हाताने दाखवलं. पाकिटावरची ओळ त्यांच्याच बोलण्यातून निघाली आणि त्यांनी ती ऐकल्या ऐकल्या मान्य केली. एजन्सीत इतकं जवळ जायला क्वचितच मिळतं. ब्रीफ तिघांच्या हातांतून गाळून येतं आणि कॉपी पाच जणांच्या हातांतून मंजूर होते. मुंबईच्या मोठ्या एजन्सीत मराठी लेखकाच्या वाट्याला बहुधा अडॅप्टेशनच येतं: हिंदी जाहिरातीची फिल्म तयार असते आणि तिच्यातल्या ओठांच्या हालचालींवर मराठी वाक्य बसवायचं असतं. ज्याने मूळ मराठीत विचार करून लिहिलंय, त्याला यात गुदमरायला होतं. म्हणूनच एजन्सी म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर पुणे, नाशिक, कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या एजन्सी आहेत. तिथले क्लायंट म्हणजे सराफ, सहकारी बँका, दूध संघ, बिल्डर. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी या मोसमात तिथे मूळ मराठीच लागतं.

एवढं असूनही मी नोकरीकडे वळलो, त्याला कारण एकच: पैसे मागणं.

रक्कम कमी होती अशातला भाग नाही. चांगल्या महिन्यात ती पगारापेक्षा जास्तच भरायची. पण बातमीदार म्हणून पैशाचं बोलणं आपण कधी केलेलंच नसतं. ते जाहिरात विभागाचं काम, आणि आपण त्या मजल्यावर पायही ठेवायचो नाही. इथे इन्व्हॉइस पाठवल्यावर खरं काम सुरू होतं. अकाउंट्सला फोन केला तर मॅडम रजेवर. पुढच्या आठवड्यात केला तर साहेबांची सही राहिलेली. मग ‘पुढच्या सायकलमध्ये नक्की’. धनत्रयोदशीच्या जाहिरातीचे पैसे एका व्यावसायिकाकडे संक्रांत उलटून गेली तरी अडकले होते, आणि त्याच दिवसांत त्यांच्या मार्केटिंग मॅनेजरचा फोन आला: पाडव्याची कॉपी उद्या सकाळपर्यंत हवी. माणूस अतिशय सज्जन, कामाची कदर करणारा. त्याला त्या क्षणी ‘आधीचे द्या, मग लिहितो’ म्हणायचं की आवाजात तीच उमेद ठेवून ब्रीफ उतरवून घ्यायचं? मी ब्रीफ उतरवून घेतलं. पण त्या रात्री लिहिताना लक्ष ओळीवर नव्हतं, आणि लक्ष नसताना लिहिणं मला सोसत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद) असेल, तर 2006च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार करार काहीही म्हणो, 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. मुदत लेखी ठरलेलीच नसेल, तर 15 दिवसांत. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. 2023-24पासून प्राप्तिकरातही तरतूद आली: मुदत उलटलेली रक्कम क्लायंट प्रत्यक्ष देईल, त्याच वर्षी त्याला ती खर्चात धरता येते. सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण काम देणारा आणि पैसे थकवणारा एकच असतो, ही यातली खरी गोची. तक्रार केली की वसुली कदाचित होईल, पाडव्याचा फोन मात्र येणार नाही. शिवाय टीडीएस कापलेला दिसतो आणि प्राप्तिकर खात्याकडच्या आपल्या नोंदीत उमटत नाही, की पुन्हा त्याच मॅडमना फोन.

राजकीय कामाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण महापालिका कव्हर केलेल्या प्रत्येकाला ते विचारलं जातं. नगरसेवकाचा कार्यअहवाल लिहून द्या, प्रचाराची पत्रकं करून द्या. ओळखीपोटी नाही म्हणणं जड जातं. माझा अनुभव असा की निकाल विरुद्ध गेला तर मानधनाचा विषयच निघत नाही, आणि बाजूने गेला तर ‘आपलेच आहात’ म्हणतात. पुन्हा पत्रकारितेत परतायची इच्छा शिल्लक असेल, तर यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

घरात दुसरा नियमित पगार असेल, आणि दोन-तीन क्लायंट महिन्याच्या रिटेनरवर, म्हणजे दरमहा बांधलेल्या रकमेवर, ठरलेले असतील, तर स्वतंत्र काम तुम्हाला माझ्यापेक्षा नक्कीच चांगलं मानवेल. तसे सुखात असलेले मित्र मला आहेत. तरी काम सुटल्या सुटल्या, हप्ते डोक्यावर असताना, मी आधी एजन्सीच सुचवेन. पद खालचं मिळेल, तुमची कॉपी तपासणारी व्यक्ती वयाने दहा-बारा वर्षांनी लहान असेल. माझ्या वेळी होती, आणि लेआउट कसा वाचायचा हे मी तिच्याकडूनच शिकलो.

मुलाखतीत पगारासोबत एक गोष्ट अवश्य विचारा: मराठी कॉपी शेवटी मंजूर कोण करतं, आणि त्यांना मराठी वाचता येतं का? उत्तर द्यायला समोरचे घुटमळले, तर दुसरी एजन्सी बघा. आणि तरीही स्वतंत्रच करायचं ठरलं, तर उद्यम नोंदणी पहिल्याच आठवड्यात करा, पहिल्या कामाची अर्धी रक्कम आगाऊ घ्या, आणि पैशाची तारीख व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लेखी मागून घ्या.