भारतीय स्पर्धा आयोगाची अर्जसेवा : दार रुंद, उंबरठा उंच

व्यक्तीला ५,००० रुपये शुल्क भरून बाजारातली स्पर्धा निकोप ठेवण्याचं काम करणाऱ्या दिल्लीच्या या आयोगाकडे स्पर्धा कायद्याच्या कलम १९ खाली अर्ज करता येतो. कंपन्यांना उलाढालीप्रमाणे जास्त शुल्क पडतं. या अर्जाला कायदा 'तक्रार' म्हणत नाही, 'माहिती' म्हणतो, आणि सेवेचं सगळं मर्म त्या एका शब्दात आहे. अर्जदार इथे फक्त खबर देतो, पुढचं प्रकरण आयोगाचं. म्हणूनच स्वतःचं नुकसान झालेलं नसलं तरी अर्ज चालतो. ओला-उबरच्या भाड्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं, जरी अर्जदार मूळ मुद्द्यावर हरला.

खरी कसोटी लागते ती कलम २६ वर. प्रथमदर्शनी उल्लंघन दिसलं तर आयोग महासंचालकांना, म्हणजे त्याच्यासाठी तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांना, चौकशी करायला सांगतो, नाहीतर प्रकरण तिथेच बंद. बरेच अर्ज इथेच गारद होतात आणि कारणं ठरलेली असतात. दोन पक्षांमधला कराराचा वाद 'वर्चस्वाचा गैरवापर' म्हणून मांडलेला असतो. समोरची कंपनी मोठी आहे एवढंच लिहिलेलं असतं, पण नेमक्या कोणत्या मालाच्या, कोणत्या भागातल्या बाजारात ती वरचढ आहे हे दाखवलेलं नसतं. नुसता भाव जास्त आहे, हेही पुरत नाही.

संगनमताच्या प्रकरणात मात्र ही सेवा खरोखर उपयोगी पडते. भाव ठरवून घेणं, बाजार वाटून घेणं, निविदांत साटंलोटं करणं, यांत स्पर्धेला बाधा आली असं कलम ३(३) गृहीतच धरतं. औषधधंद्यात केमिस्ट संघटनेच्या एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) कंपनीला नवा स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता, नेमू द्यायचा नाही, हा जुना रोग. गोव्यातल्या केमिस्ट संघटनेविरुद्ध आयोगाने २०१२ मध्ये आदेश दिला. प्रकरण सुरू झालं होतं २००९ मध्ये, जुन्या एमआरटीपी, म्हणजे मक्तेदारीविरोधी, कायद्याखाली. इतका वेळ लागतो, हे धरूनच चालावं.

अर्जाला काय जोडायचं? संघटनेची परिपत्रकं, माल नाकारल्याचे ईमेल, तारखेसकट व्हॉट्सअ‍ॅप निरोप. निविदांचं असेल तर सगळ्यांचे तुलनात्मक दर. पैशापर्यंत जुळणारे आकडे, वेगवेगळ्या निविदांत त्याच त्या टायपिंगच्या चुका, एकाच बँकेचे लागोपाठच्या क्रमांकांचे डीडी, या खुणा बोलक्या असतात. समोरच्याशी इतरत्र दावा चालू असेल तर तो अर्जात सांगून टाका. लपवलेला दावा पुढे अंगाशी येतो. पुरवठा बंद होण्याची भीती असेल तर ओळख गोपनीय ठेवण्याची विनंती अर्जासोबतच करा.

२०२३ च्या दुरुस्तीने अर्ज करायला तीन वर्षांची मुदत घातली. उशिराला सबळ कारण दिलं तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहणं धोक्याचं. प्रकरण बंद झालं तर राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे ६० दिवसांत जाता येतं. चौकशीच्या आदेशाविरुद्ध अपील नाही, आणि ही अर्जदाराच्या बाजूची मोठी गोष्ट आहे.

सेवेची सगळ्यात दुबळी बाजू भरपाईची. आयोग दंड करतो, तो सरकारजमा होतो. नुकसान मागायला कलम ५३-एन खाली त्याच न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज लागतो आणि तोही उल्लंघन सिद्ध झाल्यावरच. लहान व्यापाऱ्याला हा फेरा झेपणं कठीण. फक्त स्वतःचे पैसे परत हवे असलेल्या ग्राहकाने जिल्हा ग्राहक आयोग गाठावा.